एका प्रस्तावनेपायी गेलेली छत्तीस वर्षं : महामहोपाध्याय पां. वा. काणे

फणसवाडीकर

यंदा वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ऑफिसात डबा खाताना बनारसच्या एका सहकारी ताईंनी सहज विचारलं, "तुमची सावित्री उद्या? आमची तर पंधरवड्यापूर्वी अमावास्येलाच झाली." सावित्री तीच, वड तोच, मग तिथी दोन कशा? टेबलाभोवती आम्ही सहाजण होतो, एकालाही सांगता येईना. घरी आईला विचारलं. "आपल्यात पौर्णिमेलाच असते," ती म्हणाली. तिचं एवढ्यावर भागलं, माझं भागेना.

शनिवारी टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या चढलो. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी प्रश्न ऐकला आणि सूची न उघडताच म्हणाल्या, "काण्यांचा पाचवा खंड काढा."

काण्यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या इंग्रजी ग्रंथाच्या पाचव्या खंडात वटसावित्रीवर सलग काही पानं आहेत. कोणतं पुराण काय म्हणतं, पुढच्या निबंधकारांपैकी (म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ लिहिणाऱ्यांपैकी) कोणी कोणाचं मानलं, उत्तरेत अमावास्या आणि आपल्याकडे पौर्णिमा असा आचार कसा चालत आला, सगळं ओळीने मांडलेलं. वर इंग्रजी मजकूर, खाली बारीक टायपात मूळ संस्कृत वचनं, ग्रंथाच्या नावासकट. मी एका तिथीबद्दल विचारायला गेलो होतो आणि या माणसाने त्या तिथीची अख्खी कुळकथा लिहून ठेवली होती. त्याच खंडात व्रतांची अकारविल्हे यादी आहे. ती चाळता चाळता वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. ज्यांची नावंसुद्धा आज कोणी घेत नाही अशी कितीतरी व्रतं, आणि प्रत्येकापुढे संदर्भ.

तेव्हापासून गेले चार महिने मी काण्यांच्या खंडांत आहे. म्हणून हा धागा.

थोडी ओळख, ज्यांना नाव फक्त ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी. पांडुरंग वामन काणे, जन्म १८८०, चिपळूणजवळचा. आधी शाळामास्तर, रत्नागिरीला आणि मग इथे एल्फिन्स्टन हायस्कुलात. पुढे संस्कृतचे आणि कायद्याचे प्राध्यापक, मुंबई हायकोर्टात वकील. राहायला गिरगावात आंग्रेवाडीत, म्हणजे माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणापासून मी तिथून जातो-येतो आणि हे मला चाळिशीत कळावं याची हळहळ वाटते. १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, नंतर राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त सदस्य, १९६३ साली भारतरत्न. १९७२ मध्ये वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी गेले.

हे मानसन्मान बाजूला ठेवू. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

काणे 'व्यवहारमयूख' हा नीलकंठभट्टाचा सतराव्या शतकातला कायद्यावरचा ग्रंथ संपादित करत होते. तो १९२६ साली निघाला. त्याला जोडायला धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास लिहावा, वाचकाला सोय होईल, असा त्यांचा बेत होता. लिहायला बसले आणि ती प्रस्तावना काही प्रस्तावनेत मावेना. १९३० साली भांडारकर संस्थेने पहिला खंड काढला तेव्हा काणे पन्नाशीचे होते. दुसरा १९४१, तिसरा १९४६, चौथा १९५३, पाचवा दोन भागांत, १९५८ आणि १९६२. शेवटचा भाग छापून आला तेव्हा वय ब्याऐंशी. एकूण साडेसहा हजारांच्या आसपास पानं. ना हाताखाली संशोधकांची फौज, ना संगणक. पक्षकारांची कामं, कोर्टाच्या तारखा, आणि त्यातून उरलेला वेळ टाउन हॉलमधल्या पोथ्यांना.

एवढ्या पानांत नुसती माहिती कोंबलेली असती तर मी हा धागा काढला नसता. एकेका फुटकळ वाटणाऱ्या प्रश्नापाशी हा माणूस ज्या धीराने थांबतो, त्याने मला धरून ठेवलं. एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या मुंबईचंच आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीवर 'अपरार्क' नावाने ओळखली जाणारी मोठी टीका, म्हणजे भाष्य, आहे. हा अपरार्क म्हणजे शिलाहार राजा अपरादित्य. उत्तर कोकणचा राजा, ठाणे आणि आपली ही बेटं त्याच्या अमलाखालची. आता अडचण अशी की शिलाहारांत अपरादित्य दोन झाले. दोघेही बाराव्या शतकातले, एक शतकाच्या पूर्वार्धात, एक अखेरीस. टीका लिहिणारा कोणता? टीकेत कुठेही साल नाही. काण्यांना दुवा सापडतो थेट काश्मिरात. मंख नावाच्या तिथल्या कवीने आपल्या काव्यात पंडितांच्या एका सभेचं वर्णन केलं आहे आणि त्या सभेला कोकणच्या अपरादित्याने तेजःकंठ नावाचा माणूस पाठवला होता असं लिहिलं आहे. मंखाचा काळ ठाऊक आहे, बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. म्हणजे हा पहिला अपरादित्य. आणि काश्मीरचे पंडित पिढ्यान् पिढ्या याच कोकणी राजाची टीका प्रमाण मानत आले, ते का, याचाही उलगडा त्याच दुव्याने होतो.

बघा, ठाण्याच्या राजाने कायद्यावर लिहिलेला ग्रंथ काश्मिरात वापरला जात होता! मी ठाण्याला तीस वर्षं जातो-येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कोणी काण्यांचं काही वाचलं असेल, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काही ऐकलं असेल, तर इथे जरूर लिहा.

मुग्धा_पार्ले

दादा, फार सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली. एक विचारते, व्यवहारमयूखच का? इतक्या ग्रंथांतून वकिली करणाऱ्या माणसाने नेमका हाच का उचलला?

वकील_फोर्ट

मुग्धाताई, याचं उत्तर मला देऊ दे. माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरात वकिली आहे, आणि व्यवहारमयूख हे नाव मी पुस्तकाआधी त्यांच्या तोंडून ऐकलं.

इंग्रजांच्या काळात हिंदूंच्या वारसाहक्काचे खटले स्मृतिग्रंथांच्या आधारे चालत. बहुतेक हिंदुस्थानात मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका चाले, बंगालमध्ये दायभाग हा ग्रंथ. मुंबई इलाख्यात मात्र एक खास गोष्ट होती. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे नीलकंठाचा मयूख वरचढ मानला जाई. म्हणजे पनवेलजवळच्या पळस्प्याच्या अलीकडे-पलीकडे जमीन कोणाकडे जाणार, हे सतराव्या शतकातल्या काशीच्या एका पंडिताच्या वाक्यावर ठरू शके. हायकोर्टातल्या वकिलाला मयूख ही रोजची गरज होती. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी त्याचं इंग्रजी भाषांतर १८८० साली काढलं, आणि योगायोग असा की काण्यांचा जन्म त्याच वर्षीचा.

आता खरी मजेची जागा. निपुत्रिक माणूस गेला तर त्याच्या बहिणीला वारसा मिळतो का? मिताक्षरेत वारसांच्या क्रमात बहिणीचं नाव स्पष्ट नाही. नीलकंठ मात्र आजीच्या पाठोपाठ बहिणीला बसवतो. त्याचं म्हणणं असं : बहीणसुद्धा भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून ती 'गोत्रज' ठरते. लग्नानंतर तिचं गोत्र बदलतं हे खरं, पण धन मिळण्यासाठी सगोत्र असावं लागतं असं कुठे म्हटलं आहे? 'गोत्रज' आणि 'सगोत्र' या दोन शब्दांतला फरक धरून त्याने मुंबई-गुजरातच्या बहिणींना हक्क दिला. मिताक्षरा मानणाऱ्या इतर प्रांतांतल्या बहिणींना वारसांत निश्चित जागा मिळायला १९२९ चा कायदा यावा लागला.

काणे हा ग्रंथ संपादित करत होते तेव्हा हे वाद कोर्टात जिवंत होते. एखादा पाठ चुकीचा छापला तर एखाद्या बाईचं घर जाऊ शकलं असतं. म्हणून वेगवेगळ्या पोथ्या ताडून पाहून एकेक अक्षर ठरवणं हा पंडिती हौसेचा मामला नव्हता. आजोबा म्हणायचे, काण्यांची प्रत टेबलावर असली की समोरच्या वकिलाशी पाठावरून भांडायचं कारण उरत नाही.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर हे सगळं कोर्टातून गेलं. पण काण्यांनी त्यानंतरही लिहिणं सोडलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. उपयोग संपला तरी माणूस थांबला नाही.

वाशिष्ठीकाठ

आम्ही पेढे-परशुरामकडचे. काणे आमच्या भागातले, त्यामुळे हे नाव आमच्याकडे देव्हाऱ्यातल्या नावासारखं घेतलं जातं. फणसवाडीकर, तुमच्या लेखात एक गोष्ट राहिली. तुम्ही १९६२ ला थांबलात. काणे तिथेही थांबले नाहीत. पहिल्या खंडाच्या पूर्वार्धाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १९६८ साली निघाली. वय अठ्ठ्याऐंशी! अडतीस वर्षांपूर्वी आपणच लिहिलेलं पुन्हा उघडायचं, मधल्या काळात नवीन पोथ्या निघाल्या, नवीन लेख आले, ते वाचायचे, आपली जुनी मतं तपासायची आणि जिथे पटणार नाहीत तिथे बदलायची. त्या वयात आमच्याकडचे म्हातारे माळ ओढत बसतात, आणि त्यातही काही वावगं नाही. पण या माणसाला आपलं एक चुकीचं साल तसंच ठेवून जायचं नव्हतं. उत्तरार्धाची आवृत्ती ते गेल्यावर १९७५ ला आली.

गिरणगावकर

धागा पूर्ण वाचला. दोन गोष्टी लिहितो, पहिली थोडी कडू आहे.

ज्या ग्रंथांवर काण्यांनी आयुष्य घातलं, त्याच ग्रंथांच्या नावाखाली माझ्या पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर जाऊ दिलं नव्हतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा ते तिथे होते असं आमच्या घरात सांगतात. म्हणून 'धर्मशास्त्राचा इतिहास' म्हटलं की माझ्या मनात पहिल्यांदा भक्ती येत नाही, आणि ती येणारही नाही.

दुसरी गोष्ट. काण्यांपर्यंत मी पोचलो तो बाबासाहेबांच्या बोटाला धरून. १९४८ साली आलेल्या अस्पृश्यांविषयीच्या त्यांच्या ग्रंथात वैदिक काळातल्या गोमांसभक्षणाचा प्रश्न आहे, तिथे त्यांनी काण्यांच्या मराठी लेखनातला उतारा दिला आहे. मी थक्क झालो. गिरगावातला हा सनातनी वळणाचा विद्वान, आणि बाबासाहेब त्याचा पुरावा घेतात! मग मी दुसरा खंड काढून अस्पृश्यतेवरचं प्रकरण वाचलं. ऋग्वेदात अस्पृश्यतेचा आधार सापडत नाही असं काणे तिथे स्वच्छ लिहितात, आणि पुढच्या ग्रंथांतली कठोर वचनं लपवत नाहीत. काही काही वचनं वाचून अंगावर काटा येतो, पण ती तिथे आहेत, मूळ संस्कृतासकट. ज्याला लढायचं आहे त्याला असाच पुरावा लागतो.

त्यांची सगळी मतं मात्र मला मान्य नाहीत. पाचव्या खंडाच्या अखेरीस ते भारतीय संविधानावर लिहितात की त्यात हक्क दिले, कर्तव्यं सांगितली नाहीत. ज्यांच्या वाट्याला हजार वर्षं फक्त कर्तव्यंच आली त्यांना आधी हक्कच हवे होते. काण्यांना हे दिसायला हवं होतं.

फणसवाडीकर

गिरणगावकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. संविधानाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटलं. ते पान मीही वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. थांबायला हवं होतं. लेखात काण्यांचं हे मत आलं असतं तर लेख अधिक खरा झाला असता. तुमच्या पणजोबांची आठवण इथे लिहिलीत याबद्दल मनापासून आभार.

संस्कृतच्या_बाई

पंचवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवते आहे. काण्यांचा 'संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास' एम.ए.ला अभ्यासाला होता, त्यामुळे आमची ओळख जुनी. मूळ तोही साहित्यदर्पणाच्या आवृत्तीची प्रस्तावनाच! प्रस्तावना लिहिता लिहिता ग्रंथ होणं हे त्यांच्या बाबतीत एकदाच घडलेलं नाही.

कालनिर्णयाबद्दल थोडं लिहिते, कारण त्यातच त्यांची खरी तपश्चर्या आहे. आपले जुने ग्रंथकार साल लिहीत नाहीत. मग करायचं काय? या ग्रंथात कोणाची वचनं घेतली आहेत ते पाहायचं. ते सगळे याच्या आधीचे. याची वचनं कोणी घेतली आहेत ते पाहायचं; ते सगळे नंतरचे. दोन्हींच्या मधे ग्रंथकाराला बसवायचं. सांगायला सोपं, पण त्यासाठी आधीचे आणि नंतरचे शेकडो ग्रंथ ओळ न् ओळ वाचलेले असावे लागतात, आणि त्यातले कित्येक तेव्हा छापलेलेच नव्हते. क्वचित नशिबाने साथ मिळते. कमलाकरभट्टाने 'निर्णयसिंधू'त काळ दिला आहे, त्यावरून १६१२ हे साल मिळतं. विज्ञानेश्वर मिताक्षरेच्या शेवटी कल्याण नगरीचं आणि विक्रमार्क राजाचं नाव घेतो, त्यावरून चालुक्य सहावा विक्रमादित्य, म्हणजे १०७६ ते ११२६ हा काळ हाती येतो. बाकी ठिकाणी अंधारात चाचपडायचं.

या भट्ट घराण्याची गंमत विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. मूळ पैठणचे, काशीला गेले. नारायणभट्ट हे मोठं नाव, काशीविश्वेश्वराचं मंदिर तोडरमलाच्या काळात पुन्हा उभं राहिलं त्याच्याशी जोडलेलं. त्यांचा एक नातू आपला मयूखकार नीलकंठ, दुसरा नातू निर्णयसिंधूकार कमलाकर. आणि कमलाकराच्या भावाचा, दिनकरभट्टाचा मुलगा कोण? गागाभट्ट, १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे. मुलांना हे नातं फळ्यावर काढून दाखवलं की वर्ग एकदम शांत होतो. ही वंशावळ मला पहिल्यांदा काण्यांच्या व्यवहारमयूखाच्या प्रस्तावनेतून कळली.

मुग्धा_पार्ले

बाई, वकीलसाहेब, किती दिलंत! बहिणीच्या वारशाची गोष्ट आज जेवताना सासूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे काशीच्या भटजीला कळलं ते आमच्या मामांना कळलं नाही." पुढे त्या बराच वेळ गप्प होत्या.

मला इंग्रजीचे एवढे खंड झेपतील असं वाटत नाही. मराठीत काही आहे का?

वकील_फोर्ट

आहे, ताई. 'धर्मशास्त्राचा इतिहास' या नावाने सारांशरूपाने मराठीत उतरवलेला आहे, चांगल्या जुन्या वाचनालयांत मिळतो. सारांशात तळटीपा मात्र गळतात, आणि काण्यांचा जीव तळटीपांत आहे. म्हणून आधी मराठी वाचा आणि जो विषय आवडेल तेवढाच मूळ खंडात उघडा. मूळ खंड इंटरनेट आर्काइव्हवर कोणालाही पाहता येतात.

गिरणगावकर

फणसवाडीकर, अपरादित्याबद्दल एक जोड. दुसऱ्या अपरादित्याचा शके ११०८ चा शिलालेख परळला सापडला होता. मी परळचा. इथे गिरण्या येण्याच्या सातशे वर्षं आधी कोणीतरी इथल्या जमिनीबद्दल दगडावर कोरून ठेवलं होतं. तुमच्या पहिल्या अपरादित्याचं काश्मीर वाचलं आणि हा आठवला.

फणसवाडीकर

वा! दोन अपरादित्यांपैकी एक तुमच्या दारातला निघाला.

सोपारा_फास्ट

उशिरा आलो. धागा वाचल्यावर रात्री आर्काइव्हवरचा चौथा खंड उघडला. त्यात तीर्थांची लांबलचक यादी आहे, अकारविल्हे, प्रत्येक तीर्थापुढे ते कोणत्या ग्रंथात येतं त्याचा संदर्भ. काशी-प्रयाग तर असणारच. मी 'श' काढला. शूर्पारक. आमचं सोपारं!

मी रोज सकाळी ज्या स्टेशनात लोकलमध्ये घुसतो त्या गावाचं नाव महाभारतात येतं हे ऐकून होतो, पण छापील यादीत, संदर्भासह, पहिल्यांदा पाहिलं. शाळेत आम्हाला एवढंच सांगितलं होतं की १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या स्तूपाला बुरूड राजाचा कोट म्हणतात. मुलीला घेऊन रविवारी सकाळी तिथे जातोय. काण्यांचं ते पान छापून घेतलंय. कोणाला यायचं असेल तर नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा, साडेसातला तिकीट खिडकीपाशी थांबतो.

संस्कृतच्या_बाई

मी येते. बरोबर नववीतल्या दोन मुली असतील.